दोन बिंदू तेच, मीटरही तोच, मग व्होल्टेज वेगळं कसं?

अर्धवट_टीवाय

नमस्कार मंडळी. टी. वाय. बी.एस्सी. फिजिक्सला आहे, पुण्यात. चार दिवस एका गोष्टीनं डोकं खाल्लंय. कॉलेजात विचारलं तर "मीटरचा सेल उतरला असेल" एवढंच उत्तर मिळालं. सेल नवा आहे, मीच घातलाय.

झालं असं की बुधवारी जुन्या बाजारातून एका मोडक्या अँप्लिफायरचा टोरॉइड ट्रान्सफॉर्मर आणला. मेदूवड्यासारखा गोल, मध्ये भोक. (अडीचशे सांगत होता, दीडशेला दिला.) प्रायमरी (वीज घेणारी गुंडाळी) मेन्सला जोडली, सेकंडरीची (वीज देणारीची) टोकं टेप लावून सोडून दिली. वड्याच्या कडेवर साध्या वायरचे दहा वेढे मारून मोजलं तर २.१९ व्होल्ट आले. म्हणजे एका वेढ्याला ०.२१९.

मग ते दहा वेढे सोडले आणि एकच वेढा घातला, पण दोन रेझिस्टरचा. भोकाच्या बाजूला १०० ओहम, बाहेरच्या बाजूला १ किलोओहम. दोघांचे सांधे दोन: वड्याच्या वर 'अ', वड्याच्या खाली 'ब'. खाली हात जावा म्हणून ट्रान्सफॉर्मर दोन जाड पुस्तकांवर टेकवलाय. घरच्या पिवळ्या मीटरला एसीत २०० व्होल्टच्या खालची रेंजच नाही, म्हणून लॅबमधला २ व्होल्टवाला मागून आणला. मीटर वरच्या बाजूला ठेवला. लाल वायर 'अ'ला, काळी 'ब'ला, दोन्हीकडे क्रोकोडाइल क्लिप.

काळी वायर 'ब'पासून भोकातून वर आणली: ०.०२०.

तीच काळी वायर मीटरकडून उपसून बाहेरच्या बाजूनं वर आणली: ०.१९९.

क्लिपा जागच्या हलल्या नाहीत. दहा वेळा करून बघितलं, तेच.

आता बारावीपासून आपण काय घोकलं? विभवांतर दोन बिंदूंचं असतं, मार्गाचा संबंध नाही. ते इथं लागू नाही, बदलता (चुंबकीय) फ्लक्स आहे, हे मला कळतं. फॅरेडेचा नियम झालाय: बदलता फ्लक्स भोवतीच्या वेढ्यात व्होल्टेज तयार करतो. माझी अडचण वेगळी आहे. बदलता फ्लक्स सगळा लोखंडाच्या आत कोंडलेला आहे. माझी एकही वायर लोखंडात शिरत नाही. जिथं जिथं वायर आहे तिथं कर्ल (फील्ड त्या जागी किती भोवरतं त्याचं माप) शून्य. आणि एस. वाय.ला तर वहीत चौकट करून लिहिलं होतं: कर्ल शून्य असेल तर फील्ड कन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे दोन बिंदूंमधलं काम कुठल्याही वाटेनं तेवढंच. मग माझ्या वायरींच्या जगात फील्ड कन्झर्व्हेटिव्ह असायला हवं ना? आणि नसेल, तर हा रेझिस्टर फुकटात तापतोय का?

---

रविवारचा_ट्रेकर

सोपं आहे. सिंहगडावर आतकरवाडीतून चालत जा नाहीतर गाडीरस्त्यानं जा, गुरुत्वाकर्षणाविरुद्धचं काम तेवढंच. वजन ६० किलो आणि चढ ६०० मीटर धरला तर साधारण साडेतीन लाख ज्यूल. हे कन्झर्व्हेटिव्ह. पण घाम रस्त्याप्रमाणे वेगळा, कारण घर्षण. ते नॉन-कन्झर्व्हेटिव्ह. तुझ्या सर्किटात रेझिस्टर म्हणजे घर्षणच. म्हणून आकडे वेगळे.

---

अर्धवट_टीवाय

@रविवारचा_ट्रेकर, पण सेलला दोन रेझिस्टर जोडले तरी ते तापतातच. तिथं काळी वायर कुठूनही फिरवली तरी मीटर तोच आकडा दाखवतो. बघितलंय करून.

---

जुना_वाइंडर

पोरी, मीटर चांगला आहे. लॅबला परत करताना तसं सांग.

मी इचलकरंजीत मोटार रिवाइंडिंग करतो. आयटीआय वायरमन, १९८६ सालापासून धंद्यात. जास्त करून लूमच्या मोटारी. कर्ल हा शब्द मला पोराच्या इंजिनिअरिंगच्या वहीतनं कळला, पण तू जे बघतीयस ते आमच्या हाताखालनं रोज जातं.

आधी जिवाचं. जुन्या बाजारातला ट्रान्सफॉर्मर सरळ मेन्सला लावू नकोस. प्रायमरीच्या सिरीजमध्ये ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब टाक. सगळं ठीक असलं तर बल्ब पेटत नाही, आत कुठं शॉर्ट असलं की भक्कन पेटतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. सेकंडरीची टोकं एकाच टेपात गुंडाळली असशील तर वेगवेगळी कर.

आता माझी फजिती ऐक. बरीच वर्षं झाली, गणपतीचे दिवस. एका मंडळाचा अँप्लिफायर दुरुस्तीला आला. आत असलाच वडा, मधल्या भोकातनं बोल्ट घालून तळाच्या पत्र्याला आवळलेला. बोल्टचे आटे गेले होते, म्हणून मी हाताला लागला तो बोल्ट घातला. मूळच्यापेक्षा बोटभर लांब. सेट चालू केला, झकास गायला. झाकण लावलं, चालू केला, घुंऽऽ करून फ्यूज गेला. झाकण काढलं, फ्यूज बदलला, परत गायला. झाकण लावलं, फ्यूज गेला. तीन फ्यूज घालवले. मंडळाची पोरं दारात उभी, आरतीची वेळ. मी आपला झाकणाखाली कुठली वायर दबतीय ते शोधतोय. एकही दबत नव्हती.

शेवटी झाकणाला आतनं बघितलं तर मधोमध एक काळा ठिपका, जळल्यासारखा. बोल्टचं डोकं टेकत होतं तिथं. म्हणजे बोल्ट भोकातनं वर आला, झाकणाला भिडला, झाकणातनं कॅबिनेटच्या भिंतीवरनं खाली, तळाच्या पत्र्यातनं परत बोल्टाच्या बुडाला. झाला की एक वेढा! एका वेढ्याला व्होल्टेज ते किती, तुझ्यासारखंच, पाव व्होल्टच्या आतबाहेर. पण पत्र्याला विरोध नावालाच, करंट शेकड्यात जायला बघतो. त्यातला एक कणभर पत्रासुद्धा लोखंडी गाभ्याच्या आत नव्हता. तरी फ्यूज उडाला, कारण वाट गाभ्याला वळसा घालून स्वतःला येऊन मिळाली. झाकण काढलं की वाट तुटायची, सेट गायचा.

तुझी काळी वायर म्हणजे तेच झाकण आहे. ती भोकातनं आली तर तू, १०० ओहम आणि मीटर एका बाजूला राहता, मध्ये गाभा येत नाही. बाहेरनं आली तर १ किलोवाल्याबरोबर गाभ्याच्या दुसऱ्या अंगाला जाता. मीटर 'अ' आणि 'ब' मधलं काही मोजत नाही, तुझ्या वायरीच्या वाटेवरचं मोजतो. क्लिपा हलल्या नाहीत हे खरं, पण वायर हलली की.

टाँग टेस्टर बघितलाय का, क्लॅम्प मीटर? जबडा उघडायचा, वायर आत घ्यायची, मिटायचा. वायर जबड्याच्या मधोमध असू दे नाहीतर एका कडेला टेकलेली, आकडा जवळजवळ तोच. वायर जबड्याच्या बाहेर, अगदी चिकटून असली तरी शून्य. फेज आणि न्यूट्रल दोन्ही आत घेतले तर पण शून्य, नवीन पोरं इथंच फसतात. आणि करंट फारच कमी असला तर आम्ही वायरीचे तीन वेढे जबड्यातनं काढतो आणि आकड्याला तीननं भागतो. जबडा गोल का चौकोनी, वायर सरळ का वाकडी, त्याचं काही घेणंदेणं नाही. किती वेळा आतनं गेली एवढंच मोजलं जातं.

वटपौर्णिमेला आमच्या घरातनं वडाला सूत गुंडाळायला जातात. सात फेरे. पाय कुठं वाकडा पडला, कोण गर्दीत चार हात लांबनं गेली, फेऱ्यांत फरक नाही. पण वडाच्या शेजारी, खोडाला वळसा न घालता, अख्खी दुपार भटकून जाग्यावर आलं तर फेरे शून्य. खोडाच्या आत कोण कशाला शिरतंय.

---

पाटी_पेन्सिल

वाइंडरकाकांनी मुद्दा सांगितलाच आहे, मी फक्त तुझ्या वहीतली चौकट दुरुस्त करतो. मी पदवीला हा विषय शिकवतो आणि ही चौकट अर्धीच लिहून देणारे बरेच असतात. (मीही पहिली दोन वर्षं तशीच दिली.)

पूर्ण वाक्य असं आहे: ज्या प्रदेशात फील्ड पसरलंय त्या प्रदेशात आरपार भोक नसेल आणि तिथं सगळीकडे कर्ल शून्य असेल, तर फील्ड कन्झर्व्हेटिव्ह. भोक नसणं म्हणजे प्रत्येक बंद फेरी आक्रसत आक्रसत एका बिंदूपर्यंत नेता येणं, प्रदेशाच्या बाहेर न पडता. तुझ्या वायरींचा प्रदेश म्हणजे खोलीतली सगळी जागा, वजा लोखंडी वडा. वड्याला वेढा घातलेली फेरी आक्रसायला जा, ती लोखंडाला अडकते. तिथंच ती चौकट गळून पडते.

नेहमीचं उदाहरण सरळ तारेभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राचं. तारेबाहेर प्रत्येक ठिकाणी कर्ल शून्य, पण तारेभोवती एक फेरी मारली की बेरीज येते म्यू-नॉट (एक स्थिरांक) गुणिले करंट. अँपिअरचा नियम. काकांचा टाँग टेस्टर हाच. या क्षेत्राला स्थितिज फलन (पोटेन्शियल, प्रत्येक जागेला एक आकडा) द्यायला गेलं तर ते तारेभोवतीचा कोन निघतं, आणि कोनाची गंमत अशी की एक फेरी मारून त्याच जागी आलं की तो ३६० अंशांनी वाढलेला असतो. जागा तीच, आकडा वेगळा. तुझ्या टेबलावर नेमकं हेच चाललंय, फक्त विद्युतक्षेत्राच्या बाबतीत.

@रविवारचा_ट्रेकर, सिंहगडाचं पहिलं अर्ध बरोबर. पण घर्षण इथं आणू नका, तो वेगळ्या जातीचा प्राणी आहे. घर्षणाची दिशा तुम्ही कुठल्या दिशेनं चालताय त्यावर ठरते. जागेवर उभं राहून "इथं घर्षणाचा बाण कुठं?" असं विचारता येत नाही. म्हणून ते बल नॉन-कन्झर्व्हेटिव्ह असलं तरी मुळात जागेचं सदिश क्षेत्रच नाही. तारेभोवतीचं किंवा गाभ्याभोवतीचं क्षेत्र मात्र प्रत्येक बिंदूला ठरलेला बाण देतं, आणि गाभ्याभोवतीचं विद्युतक्षेत्र तर प्रभाराला एका दिशेनं फेरी मारली की ऊर्जा घेत नाही, देतं. १९४० साली इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड कर्स्ट यांनी बीटाट्रॉन (इलेक्ट्रॉनांना वेग देणारं यंत्र) चालवला तो यावरच. इलेक्ट्रॉन त्याच गोलात पुन्हा पुन्हा फिरवायचे, दर फेरीला थोडी भर. असं करत त्यांनी २३ लाख इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत नेले. घर्षणानं कुणाला असं पुढं ढकललेलं ऐकलंय?

रेझिस्टर फुकट तापतोय का? नाही. त्यासाठी लागणारा करंट प्रायमरी मेन्समधून जास्त ओढते. मोजायला गेलीस तर दिसणार नाही इतका कमी, पण बिलात आहे.

तुझा प्रयोग जुना आणि नामांकित आहे, हेही सांगून ठेवतो. १९८२ साली रॉबर्ट रोमर यांनी 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स'मध्ये व्होल्टमीटर नेमकं काय मोजतात यावर लेख लिहिला, त्यात हीच मांडणी आहे. २००२ साली वॉल्टर लेविन यांनी एमआयटीच्या वर्गात १०० आणि ९०० ओहम घेऊन तो दाखवला. एक व्होल्टच्या फेरीत एक मीटर ०.१ दाखवतो, दुसरा उणे ०.९. त्या उण्याकडे लक्ष दे. तुझा एसी मीटर चिन्ह दाखवत नाही, पण तुझे ०.०२० आणि ०.१९९ हेही विरुद्ध चिन्हांचे आहेत. ऑसिलोस्कोप (लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावलास तर दोन्ही लहरी एकमेकींच्या उलट दिसतील. म्हणून तर दोघांची बेरीज ०.२१९ येते. कागदावर करून बघ.

---

सर्किटवाला_७३

मला हे पटत नाही. किरचॉफचा नियम (बंद फेरीतल्या व्होल्टेजांची बेरीज शून्य) मोडत नाही, तुम्ही मोजताय चुकीचं. वेढ्याच्या वायरीतच ०.२१९ व्होल्ट पसरलेले आहेत असं धरा, म्हणजे वायरीचा प्रत्येक तुकडा ट्रान्सफॉर्मरची छोटीशी सेकंडरी. तो सोर्स सर्किटाच्या आकृतीत दाखवला की फेरीची बेरीज शून्य येते. मीटरच्या प्रोबच्या वायरीतही तसंच व्होल्टेज येतं, ते मापनातली चूक म्हणून वजा करायचं. २०१८ मध्ये यूट्यूबवरच्या मेहदी सदगदार यांनी लेविनना हेच उत्तर दिलं होतं. आम्ही रोज ट्रान्सफॉर्मरची सर्किटं सोडवतो, कुणाचा नियम मोडत नाही.

---

पाटी_पेन्सिल

सर्किट सोडवायला तुमची पद्धत चोख आहे, मीही परीक्षेत तशीच सोडवून घेतो. किरचॉफनं नियम मांडला १८४५ साली. सगळा बदलता फ्लक्स डब्यात बंद आणि डब्याची दोन टोकं बाहेर, असं असलं की तो बिनबोभाट चालतो. तुम्ही तोच डबा मनातल्या मनात वायरीवर पसरवताय. हरकत नाही.

पण "प्रोबमधलं व्होल्टेज वजा करा" म्हणताना मला सांगा, कुठल्या प्रोबमधलं? भोकातून आलेल्या की बाहेरून आलेल्या? त्या ०.२१९ पैकी किती वेढ्याच्या आतल्या अर्ध्यात आणि किती बाहेरच्या अर्ध्यात, हे तुम्ही वायर कुठून गेली ते बघून ठरवणार. म्हणजे मार्ग परत आलाच. भांडण नावापुरतं उरतं. मीटरचा आकडा दोघांच्याही हिशेबानं तोच येतो, आणि आकडा बरोबर आला की मी फार ताणत नाही. @अर्धवट_टीवायच्या प्रश्नाला मात्र आकृतीत सोर्स दाखवून उत्तर मिळत नाही, कारण तिचा प्रश्न कर्लबद्दल होता.

जाता जाता: १९८६ साली हिताचीत अकिरा तोनोमुरा यांनी डोळ्यालाही न दिसणारा असाच एक वडा केला. चुंबकाचा, वरून अतिवाहक धातूचं आवरण, म्हणजे क्षेत्र बाहेर अजिबात गळत नाही. इलेक्ट्रॉनांची एक लहर भोकातून गेली, दुसरी बाहेरून. चुंबकीय क्षेत्राला दोघींचाही स्पर्श नाही, तरी त्या एकत्र आल्यावर उमटणारे व्यतिकरणाचे पट्टे सरकलेले. क्षेत्राला न शिवताही इलेक्ट्रॉनावर परिणाम होतो, असं अहारोनोव्ह आणि बोम यांनी १९५९ मध्ये म्हटलं होतं ते खरं ठरलं. तू दीडशे रुपयांत त्याची चुलत बहीण केलीस.

---

जुना_वाइंडर

मास्तर, छान सांगितलंत. सर्किटवाले, तुमचंही खोटं नाही. आम्ही पण मोटारीत हिशेब तसाच धरतो, दर वेढ्याला इतके व्होल्ट म्हणून. पण त्या दिवशी झाकणाखाली कुठला सोर्स दाखवायचा ते मला सुचलं नसतं.

पोरी, एक करून बघ. काळी वायर नुसती भोकातनं किंवा नुसती बाहेरनं आणू नकोस. भोकातनं वर घे, बाहेरनं खाली सोड, परत भोकातनं वर घे. मग उलट: बाहेरनं वर, भोकातनं खाली, परत बाहेरनं वर. काय येतंय ते लिही. बल्ब लावलास का?

---

अर्धवट_टीवाय

बल्ब लावला काका. शेजारच्या काकूंच्या देव्हाऱ्याजवळचा मागून आणला, ६० नाही, ४०चा मिळाला. पेटत नाही, म्हणजे ठीक ना? बल्ब लावल्यावर दहा वेढ्यांचं परत मोजलं, २.१९च आहे.

आधी कागदावर केलं, मग मोजलं, नाहीतर आकडे बघून गणित जुळवलं असतं. भोकातून सरळ आली तर अधिक ०.०२०, बाहेरून आली तर उणे ०.१९९. म्हणजे गाभ्याला एक वळसा जास्त किंवा कमी झाला की ०.२१९चा फरक. तसं असेल तर भोक-बाहेर-भोक याला ०.०२० अधिक ०.२१९, म्हणजे ०.२३९ यायला हवं. बाहेर-भोक-बाहेर याला उणे ०.४१८.

मीटरवर पहिल्याला ०.२३९ आलं.

दुसऱ्याला ०.४१८.

क्लिपा अजून तिथंच आहेत, शुक्रवारपासून काढलेल्या नाहीत. 'अ' आणि 'ब' तेच, आणि एवढ्यात चार वेगवेगळी उत्तरं झाली. रूममेट म्हणाली की मीटर खरंच बिघडलाय, तर तिच्यासमोर वायर सोडून परत सरळ भोकातून आणून दाखवली. ०.०२०. मग वायर मुद्दाम वेडीवाकडी केली, पलंगाच्या पायाला एक गाठ मारून आणली, पण गाभ्याला वळसा न घालता. तरी ०.०२०च. आता ती गप्प आहे.

@पाटी_पेन्सिल सर, स्कोप सोमवारी मिळेल, तेव्हा उलट्या लहरींचा फोटो टाकते. वहीतल्या चौकटीत "प्रदेशाला भोक नसेल तर" एवढं लाल पेननं घातलंय, जागा नव्हती म्हणून समासात.

बाहेरून अजून एक वळसा वाढवला, ०.६३७ आलं. यापुढं प्रोबची वायर पुरत नाही.